वर्दी उतरवण्याआधीची उमेदवारी

पुण्याहून सोलापूरमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हैदराबादेत शिरतो तो मियापूर, कुकटपल्ली, मूसापेट असा. हैदराबादकर त्याला अजून मुंबई हायवेच म्हणतात. कुकटपल्लीच्या पूर्वेला बालानगरचे कारखाने आणि त्यापलीकडे बोवनपल्लीपासून पसरलेली सिकंदराबादची छावणी, १८०६ पासूनची. उत्तरेला जीडीमेटलाची औद्योगिक वसाहत आणि आणखी वर दुंडीगलची हवाई दल अकादमी. दक्षिणेला माधापूर आणि हायटेक सिटी. खुद्द कुकटपल्लीत जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठाचे आवार आहे आणि जवळच केपीएचबी कॉलनी, जिच्या गल्ल्यागल्ल्यांत मुलामुलींची वसतिगृहे आणि सॉफ्टवेअर शिकवणारे क्लास भरलेले आहेत. या विद्यापीठात इंजिनिअर होणाऱ्या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमातच उद्योगाशी निगडित प्रकल्प किंवा इंटर्नशिप असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तिला श्रेयांक दिले आहेत. नोकरी धरण्याआधी नोकरीची जागा आतून पाहता यावी, हे बावीस वर्षांच्या मुलासाठी आपण तत्त्व म्हणून मान्य केले आहे. त्याच मुलाच्या वसतिगृहापासून थोड्या अंतरावर छावणीत सतरा वर्षे रणगाड्यांची इंजिने उतरवणाऱ्या हवालदाराला मात्र ही सोय नाही. तो आज फौजेत असतो आणि उद्या सिव्हिलमध्ये. मधला पूलच नाही. माझे म्हणणे असे की सेवेच्या अखेरच्या काळात काही आठवडे, पगार चालू असताना, खऱ्या नागरी कामाच्या जागी उमेदवारी करण्याची मुभा प्रत्येक सैनिकाला नियमाने मिळायला हवी. आणि त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही, जे आहे त्यातच ते बसवता येते.

आधी बाहेर पडणारे कोण, हे नीट समजून घेतले पाहिजे. तिन्ही सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६०,००० माणसे निवृत्त किंवा मुक्त होतात आणि त्यांतली बहुसंख्य पस्तीस ते पंचेचाळीस या वयातली असतात. ‘निवृत्त’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर साठीचा माणूस येतो, पण येथे निवृत्त होणाऱ्याची मुले चौथी-पाचवीत असतात, गावाकडचे घर अर्धे बांधून झालेले असते आणि आईवडील हयात असतात. सैन्य तरुण राहिले पाहिजे म्हणून शासन या माणसांना मुद्दाम लवकर सोडते. त्यात गैर काही नाही, कारण सियाचीनच्या चौकीवर पन्नाशीची माणसे पाठवता येत नाहीत. पण ज्या धोरणाचा लाभ देश घेतो त्याची किंमत एकट्या त्या माणसाने मोजावी, हे न्याय्य नाही. शिपाई किंवा नाईक म्हणून सुटणाऱ्याची पेन्शन घराला आधार देते, घर पुढे नेत नाही. त्याच्यापुढे अजून वीस वर्षांची कमाईची उमेद असते, आणि ती वीस वर्षे तो कोणत्या कामात घालवणार हे बहुतेक वेळा सुटल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत ठरून जाते.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याणाचा स्वतंत्र विभाग २००४ पासून आहे. त्याच्या हाताखाली पुनर्वसन महासंचालनालय आहे, म्हणजे फौजेत ज्याला सगळे ‘डीजीआर’ म्हणतात ते, आणि त्याची दक्षिण विभागाची कचेरी पुण्यात आहे. सेवा संपत आलेल्यांसाठी डीजीआर अभ्यासक्रम चालवते. अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापन संस्थांमधले २४ आठवड्यांचे वर्ग असतात आणि त्यांची साठ टक्के फी सरकार भरते. जवान आणि ज्युनिअर कमिशन्ड अधिकाऱ्यांची फी पूर्णच सरकार देते. या काळात माणूस सेवेतच असतो आणि पगार चालू राहतो. शिवाय आरक्षण आहे: केंद्र सरकारच्या गट ‘क’ मध्ये १० टक्के, गट ‘ड’ मध्ये २० टक्के, सार्वजनिक उपक्रमांत आणि बँकांत १४.५ आणि २४.५ टक्के. कागदावर हे भरघोस दिसते. पण ३० जून २०२१ पर्यंतची जी आकडेवारी डीजीआरकडे केंद्रीय खात्यांतून आली, तिच्यात गट ‘क’ मधल्या माजी सैनिकांचे प्रमाण १.२९ टक्के आणि गट ‘ड’ मध्ये २.६६ टक्के होते. बँकांची स्थिती बरीच बरी होती. पुरेसे उमेदवार अर्ज करत नाहीत किंवा पात्र ठरत नाहीत, हे कारण सरकारी खुलाशांत वारंवार येते. ते खरे मानले तर प्रश्न आणखी गंभीर होतो. दार उघडे आहे आणि माणूस उंबऱ्यापर्यंत पोहोचत नाही, याचा अर्थ मधल्या वाटेवर काहीतरी कमी पडते आहे.

काय कमी पडते, याचे उत्तर कुकटपल्लीच्या शेजारीच सापडते. इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स, म्हणजे ‘आयडीपीएल’, हा सरकारी औषध कारखाना १९६० च्या दशकात बालानगर-कुकटपल्लीच्या सीमेवर उभा राहिला. के. अंजी रेड्डी यांनी तेथे नोकरी केली, आणि १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज स्थापन केली. हैदराबादच्या औषध उद्योगातल्या अनेक उद्योजकांनी आणि रसायनतज्ज्ञांनी आयडीपीएलमध्येच हात बसवून घेतला. सरकारी आवारात कमावलेले कौशल्य खाजगी उद्योगात इतक्या सहज कसे उतरले? कारण दोन्हीकडचे काम एकमेकांना ओळखत होते. रिअ‍ॅक्टर तोच, रसायन तेच, आणि माणसाचे काम पाहिलेले कोणीतरी बाहेर असे. सैन्यातल्या कौशल्याचे तसे होत नाही. तेही सरकारी आवारातच घडते, कित्येकदा अधिक कठोर शिस्तीत घडते, पण तारेच्या कुंपणाच्या आत घडते. बाहेरच्या मालकाने ते कधी पाहिलेले नसते आणि आतल्या माणसाने बाहेरचे काम पाहिलेले नसते. अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र ही दरी बुजवू शकत नाही, कारण प्रमाणपत्र सांगते की माणूस वर्गात बसला. तो आपल्या कारखान्यात चालेल का, हा मालकाचा प्रश्न तसाच राहतो.

सिकंदराबादचेच उदाहरण घेऊ. आर्मी ऑर्डनन्स कोअरचे केंद्र येथे आहे. या कोअरचे काम म्हणजे सैन्याचे भांडार: बुटांच्या जोडापासून दारूगोळ्यापर्यंत लाखो नगांची आवक, साठवण, मोजदाद आणि पाठवणी. येथला अनुभवी स्टोअरकीपर कोणत्या मालाला ओल लागली तर काय होते, कोणता माल कशाशेजारी ठेवायचा नाही, पावतीवरच्या आणि फळीवरच्या संख्येत फरक पडला तर तो कुठे शोधायचा, हे झोपेतही सांगेल. कुकटपल्ली ज्या मेडचल-मलकाजगिरी जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यात मेडचल रस्त्यावर मोठमोठी गोदामे उभी आहेत आणि त्यांना नेमके हेच काम जाणणारी माणसे हवी असतात. तरीही हा माणूस तेथे गेला की बऱ्याचदा त्याला काम मिळते ते गोदामाच्या फाटकावर. याला एकटा मालक दोषी नाही. खाजगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यातच रखवालदार नेमताना माजी सैनिकाला प्राधान्य देण्याची तरतूद आहे, आणि डीजीआरच्या पुरस्कृत सुरक्षा संस्थांनी तीच वाट रुळवली आहे. रखवालीचे काम प्रामाणिक आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ज्याने सतरा वर्षे भांडार चालवले त्याला भांडाराच्या दारावर उभे करणे हा त्या माणसाचाही अपव्यय आहे आणि त्या भांडाराचाही. आत जाण्यासाठी त्याला जे शिकायचे असते ते फारसे नसते: गोदामाचे सॉफ्टवेअर, हातातल्या स्कॅनरची सवय, ईमेलची भाषा, ग्राहकाने माल परत पाठवला तर त्याची नोंद, आणि हुकूम नसताना आपण होऊन विचारायचे कसे, हे. यातले काहीही वर्गात नीट शिकता येत नाही. कामाच्या जागी सहा-आठ आठवड्यांत ते अंगवळणी पडते.

ही कल्पना परदेशातून उचललेली आहे असे कोणाला वाटेल, म्हणून आपलाच इतिहास सांगितला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती. त्यांतले बहुतेक घरी परतणार हे दिसत होते, म्हणून जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. आज आपण ज्याला रोजगार विनिमय केंद्र म्हणतो, त्याचा जन्म या सुटून येणाऱ्या सैनिकांसाठी आणि युद्धकाळातल्या कामगारांसाठी झाला. फाळणीनंतर निर्वासितांचा लोंढा आला तेव्हा ती सोय त्यांनाही खुली झाली, आणि १९४८ पासून सर्व बेरोजगारांना. व्यवसाय प्रशिक्षणाची सरकारी व्यवस्था, जिच्यातून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आणि पुढे गावोगावच्या आयटीआय आल्या, तीही याच महासंचालनालयाच्या छायेत वाढली. म्हणजे माणसाला कामाशी जोडून देण्याची या देशातली पहिली मोठी यंत्रणा सैनिकासाठी उभारली गेली. साऱ्यांना तिचा लाभ झाला हे उत्तमच. फक्त पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातली उमेदवारी रुजली, पदव्यांमध्ये इंटर्नशिप आली, आणि या दोन्ही वेळी ज्याच्यासाठी सुरुवात झाली होती तो सैनिक मागे राहिला. त्या कायद्यात किमान वय चौदा आहे. कमाल वयाची अट नाही. अडतीसचा माणूस उमेदवार होऊ शकत नाही, असे कायदा कुठेही म्हणत नाही.

बाहेर काय चालते ते पाहणेही उपयोगाचे आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची ‘स्किलब्रिज’ नावाची योजना आहे. सेवा संपण्यापूर्वीच्या जास्तीत जास्त १८० दिवसांत सैनिक एखाद्या नागरी कंपनीत इंटर्नशिप करतो. पगार आणि इतर लाभ सैन्य देते, कंपनी पगार देत नाही, आणि युनिटच्या प्रमुखाची मंजुरी लागते. ब्रिटनमध्ये पुनर्वसनाची तयारी सेवा संपायच्या दोन वर्षे आधी सुरू होते. सोळा वर्षांपेक्षा जास्त सेवा झालेल्याला त्यासाठी ३५ कामकाजाचे दिवस मिळतात आणि ते दिवस कंपनीतल्या प्रत्यक्ष कामासाठीही वापरता येतात. दोन्ही व्यवस्थांत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सैनिक मालकाकडे हात पसरून जात नाही. तो सेवेत असतो, त्याच्या घरी पगार पोहोचत असतो आणि काम पटले नाही तर नकार देण्याची ताकद त्याच्याकडे असते. सुटल्यानंतर, हातची रक्कम दर महिन्याला आटत असताना, ती ताकद राहत नाही. म्हणून ही उमेदवारी सुटण्याआधी व्हायला हवी. नंतर केलेली इंटर्नशिप आणि आधी केलेली इंटर्नशिप यांत महत्त्वाचा फरक हाच आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. सैन्यातला माणूस पहिल्यांदा विचारेल की माणसे कमी पडतील त्याचे काय. हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेत नौदलासह काही दलांना याच कारणाने स्किलब्रिजचा काळ हुद्द्यानुसार कमी करावा लागला. पण हिशेब करून पाहू. वर्षाला ६०,००० माणसे आणि प्रत्येकाला आठ आठवडे धरले, तर ४ लाख ८० हजार माणूस-आठवडे होतात. वर्षाच्या ५२ आठवड्यांनी भागले की कोणत्याही दिवशी सुमारे ९,२०० माणसे युनिटबाहेर असतील. तिन्ही दलांची एकूण संख्या चौदा लाखांच्या घरात आहे. म्हणजे दर दीडशे माणसांमागे एक. त्यांतही अनेक जण आजच डीजीआरच्या वर्गांना जातात, त्यामुळे हा सगळा भार नवा नाही. मी मागतो आहे ते इतकेच की वर्गाच्या कालावधीतले शेवटचे आठवडे प्रत्यक्ष कामाच्या जागी जावेत. काही युनिटांत, काही ट्रेडमध्ये ताण इतरांपेक्षा जास्त असेल. सीमेवरच्या तैनातीत तर माणूस सोडताच येणार नाही. तेथे कमांडिंग ऑफिसरला नाही म्हणण्याचा अधिकार हवाच. मात्र तो नकार लेखी असावा आणि पुढची तारीख देणारा असावा, कारण तोंडी ‘बघू पुढे’ मध्ये माणसाचे शेवटचे वर्ष सहज निघून जाते.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा आणि हितसंबंधांचा. सेवेतला माणूस, उमेदवारीवर असला तरी, सैन्य कायद्याच्या आणि १९२३ च्या कार्यालयीन गुपिते कायद्याच्या कक्षेतच असतो. ही बंधने सुटल्यावरही संपत नाहीत. तेव्हा धोका उमेदवारीने निर्माण होत नाही. खरा धोका दुसरीकडे आहे. हैदराबाद हे संरक्षण उत्पादनाचे शहर आहे: बालानगरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा एव्हिऑनिक्स विभाग, कांचनबागेत भारत डायनॅमिक्स आणि मिधानी, आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने. ज्या युनिटने एखाद्या पुरवठादाराचा माल तपासला, त्याच युनिटचा माणूस त्याच पुरवठादाराकडे उमेदवारीला जाता कामा नये. हे कडकपणे पाळावे लागेल, आणि ते अवघड नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर एक वर्ष खाजगी नोकरीसाठी परवानगी घ्यावी लागते, त्याच विवेकाचा हा विस्तार आहे. याच आक्षेपाला जोडून फुकटच्या मजुरीचा मुद्दा येतो: सरकार पगार देणार आणि कंपनी काम करून घेणार, म्हणजे जनतेच्या पैशावर कंपनीचा नफा. ही भीती योग्य आहे, म्हणून मर्यादा आखलेल्या हव्यात. आठ आठवड्यांपेक्षा जास्त नाही, रात्रपाळी भरून काढण्यासाठी नाही, कोणा कामगाराला काढून त्याच्या जागी नाही. आणि ज्या कंपनीने लागोपाठ अनेक उमेदवार घेऊन एकालाही नोकरी दिली नाही तिचे नाव यादीतून जावे. इतके केल्यावरही जनतेचा काही पैसा खर्च होईलच. पण आज तोच पैसा अशा वर्गांवरही खर्च होतो, ज्यांच्या शेवटी मालकाची आणि माणसाची गाठ पडत नाही.

तिसरा आक्षेप कागदावर कोणी लिहीत नाही, पण तो सगळ्यात खोल आहे. ज्या हवालदाराच्या शब्दावर तीस जवान हलत होते, त्याने पंचवीस वर्षांच्या टीम लीडरसमोर उमेदवार म्हणून उभे राहायचे? सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या गावांत घरटी एक फौजी आहे, तेथे सुटून आलेल्या माणसाला मान असतो. तो मान सांभाळण्यासाठी कित्येक जण पेन्शनीवर येऊन शेतीच पाहतात. मला हा मानाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. माणसाने वीस वर्षे ज्या ओळखीवर आयुष्य काढले ती एका दिवसात गळून पडते, आणि त्या धक्क्याबद्दल आपण फार कमी बोलतो. पण याच कारणासाठी उमेदवारी सेवेत असतानाच व्हावी. अजून हुद्दा आहे, अजून युनिट पाठीशी आहे, अशा स्थितीत दोन महिने विद्यार्थी होणे सोपे जाते. त्या दोन महिन्यांत त्याला दोन्ही गोष्टी कळतात: इथे आपल्याला काय येत नाही, आणि इथल्या कोणाला येत नाही असे आपल्याला काय येते. बालानगरच्या टूल रूममध्ये वेळेवर हजर राहणारा, यंत्राची नोंदवही न चुकता भरणारा आणि अपघात घडण्याआधी तो ओळखणारा माणूस किती दुर्मीळ आहे, हे त्याला कोणी भाषणात सांगून पटणार नाही. ते त्याने स्वतः पाहिले पाहिजे. भाषेची अडचणही इथेच कळते. फौजेची हिंदी हायटेक सिटीत अर्ध्यावर चालते, कारण लिखाण इंग्रजीत. जीडीमेटलाच्या कारखान्यात ती चालते, पण कामगारांची तेलुगू थोडी तरी यावी लागते. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या माणसाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ आहे, आणि त्या भागात तेलुगू कानावरून गेलेली असते. अशा माणसाने हे शहर विचारात घेतलेच पाहिजे.

अग्निवीरांमुळे हा प्रश्न आणखी निकडीचा झाला आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार चार वर्षांनी चारपैकी तिघे बाहेर पडतात. त्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो, पेन्शन मिळत नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात, आणि हैदराबादच्या गोवळकोंडा इथल्या तोफखाना केंद्रातून बाहेर पडलेले अग्निवीरही त्यांत आहेत. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली तेव्हा वयाची अट २१ ते २४ ठेवली होती आणि पूर्णवेळ नोकरीत असलेल्याला ती बंद होती. साडेसतरा ते एकवीस या वयात भरती झालेला अग्निवीर साडेएकवीस ते पंचविसात सुटतो. म्हणजे सेवेत असताना तो या योजनेत बसत नाही, आणि सुटल्यावर त्यांतल्या काहींचे वय उलटून गेलेले असते. इग्नूच्या पदवीत सैनिकी प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक देण्याचा निर्णय झाला तो चांगलाच आहे. त्या पदवीच्या उरलेल्या अर्ध्यात कामाच्या जागचे आठवडे घालता आले, तर त्याच चौकटीत बरेच काही होईल.

नियम होईपर्यंत जो आज सुटतो आहे त्याने काय करावे? सेवेत असताना खाजगी नोकरी करता येत नाही, रजेवर असतानाही नाही; म्हणून मोबदला घेऊन चोरून काम करण्याच्या फंदात कोणी पडू नये, पेन्शनवर गदा येण्याइतके ते महागात पडू शकते. पण केंद्राच्या नियमांनुसार सेवेचे शेवटचे वर्ष उरले असताना नागरी पदासाठी अर्ज करता येतो, म्हणजे त्या वर्षात बाहेरच्या कामाची तयारी करणे शासनाला मान्यच आहे. तयारी त्याही आधी, दोन वर्षे शिल्लक असताना, सुरू करावी. डीजीआरचा अभ्यासक्रम निवडताना विषयाच्या नावापेक्षा एक चौकशी आधी करावी: या संस्थेचा कोणत्या उद्योगाशी प्रत्यक्ष संबंध आहे आणि प्रकल्प कंपनीत करता येतो का. येत असेल तर संस्थेमार्फत कंपनीचे पत्र मिळवावे. त्या पत्रात तारखा, कामाचे तास, कोणाच्या हाताखाली, काय शिकवणार, मोबदला नाही आणि कंपनीचा युनिटशी कोणताही व्यवहार नाही, हे सारे स्पष्ट असावे. असे पत्र पुढे ठेवले की कमांडिंग ऑफिसरला परवानगी देणे सोपे जाते. आपल्या कामाची माहिती लिहिताना सैनिकी संक्षेप गाळावेत आणि आकडे द्यावेत, अर्थात गोपनीय नसलेले: किती नगांचे भांडार, किती वाहनांची देखभाल, किती माणसे हाताखाली. आपला ट्रेड राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात कोणत्या नागरी कामाशी जुळतो हे डिस्चार्जची कागदपत्रे तयार होतानाच पाहून घ्यावे. आणि सुटल्यावर करायची इंटर्नशिप असेल तर किती महिने बिनपगारी काढता येतील याचा हिशेब घरी बसून, पत्नीला सोबत घेऊन करावा, कारण तो निर्णय एकट्याचा नसतो. महाराष्ट्रात परतणाऱ्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि पुण्याच्या मेस्को महामंडळाकडे नाव नोंदवावे, पण फक्त सुरक्षारक्षकाच्या यादीत नाव घालून थांबू नये.

राहिला प्रश्न शासनाने सुरुवात कुठे करावी याचा. सिकंदराबाद-कुकटपल्ली हा पट्टा त्यासाठी देशात सर्वांत सोयीच्या जागांपैकी एक आहे. ऑर्डनन्स केंद्र आणि ईएमईची, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती कोअरची, केंद्रे येथे आहेत, बालानगरला १९६८ पासून चालणारी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन आहे, जीडीमेटला आणि मेडचलला कारखाने व गोदामे आहेत, आणि बोवनपल्लीहून यांतल्या कोणत्याही ठिकाणी रोज जाऊन येता येते, त्यामुळे कुटुंबाला सरकारी घर सोडावे लागत नाही. भांडार सांभाळणारे आणि यंत्रदुरुस्ती करणारे, असे दोनच ट्रेड घ्यावेत. एका वर्षात सुटणाऱ्यांपैकी काही शे माणसांना अभ्यासक्रमाचे शेवटचे आठ आठवडे कर्तव्यावर समजून कामाच्या जागी पाठवावे, म्हणजे अपघात झाला तर जबाबदारी कोणाची हा प्रश्नही मिटतो. संरक्षण मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत किती जणांना प्रशिक्षण दिले याचे तक्ते असतात. या माणसांच्या बाबतीत त्याच्याच शेजारी आणखी दोन रकाने ठेवावेत: सुटल्यानंतर एका वर्षाने माणूस कोणत्या कामावर आहे, आणि किती पगारावर. आणि हेच दोन रकाने, उमेदवारी न मिळालेल्या पण त्याच ट्रेडच्या तितक्याच माणसांसाठीही भरावेत.